सत्तेचाळीस सेल लाइन आणि एक औषध

शोधनिबंध सहसा कामापुरता वाचला जातो. सारांशावरून नजर फिरवायची, निष्कर्ष टिपून घ्यायचा आणि पुढच्या निबंधाकडे वळायचं. पण काही निबंधांची खरी गोडी त्यांची मांडणी सावकाश पाहिल्याशिवाय कळत नाही. युक्तिवाद कुठून निघतो, कुठे वळतो, कुठे थांबतो, हे तिथे महत्त्वाचं असतं. ऑक्टोबर २००९मध्ये ‘ब्रेस्ट कॅन्सर रिसर्च’ या नियतकालिकात आलेला रिचर्ड फिन, डेनिस स्लॅमन आणि लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध या जातीचा आहे. विषय एवढाच, की पीडी ०३३२९९१ नावाचा रेणू स्तनाच्या कर्करोगाच्या कोणत्या पेशींवर चालतो आणि कोणत्या पेशींवर चालत नाही. जे घडतं ते सगळं प्रयोगशाळेतल्या प्लास्टिकच्या बशांमध्ये. त्यात एकही रुग्ण नाही. तरीही आज अनेक देशांत कर्करोगाचे रुग्ण घेत असलेल्या एका औषधाची दिशा या निबंधाने पक्की केली. म्हणून त्याचं रसग्रहण करावंसं वाटतं.

आधी पार्श्वभूमी. स्तनाच्या कर्करोगांपैकी साधारण दोनतृतीयांशांहून अधिक कर्करोग इस्ट्रोजेनच्या जोरावर वाढतात. त्यांच्या पेशींत इस्ट्रोजेनला धरून ठेवणारं प्रथिन, म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, असतं. तो रिसेप्टर अडवणाऱ्या टॅमॉक्सिफेनला अमेरिकेत १९७७ साली मान्यता मिळाली. पुढे शरीरातलं इस्ट्रोजेन तयार होणंच रोखणारी लेट्रोझोलसारखी औषधं आली. या गोळ्यांनी असंख्य बायकांना वर्षानुवर्षांचं आयुष्य दिलं. पण आजार शरीरात पसरला असेल तर बहुतेकींच्या बाबतीत एक दिवस असा येतो की तीच गोळी, तोच डोस, आणि गाठ मात्र पुन्हा वाढू लागलेली. रिसेप्टर जागेवर असतो, औषधही पोचत असतं, पण पेशी त्याला दाद देत नाही. डॉक्टर याला हार्मोन रेझिस्टन्स म्हणतात. त्या वळणावर पूर्वी उरत होतं ते आणखी एखादं हार्मोनचं औषध, नाहीतर केमोथेरपी.

पीडी ०३३२९९१चा जन्म मात्र स्तनाच्या कर्करोगासाठी झालेला नव्हता. नावातली ‘पीडी’ ही अक्षरं पार्क-डेव्हिस या जुन्या अमेरिकन औषध कंपनीची. मिशिगन राज्यातल्या अ‍ॅन आर्बर इथल्या तिच्या प्रयोगशाळेत हा रेणू घडला. त्या कंपनीची मालकी २००० साली फायझरकडे गेली. पेशीचं विभाजन पुढे सरकवणारी सीडीके-४ आणि सीडीके-६ ही दोन एन्झाइम्स तो अडवतो. २००४ साली त्याची पहिली सविस्तर माहिती प्रसिद्ध झाली. सीडीके-४ अडवायला ११ नॅनोमोलर, सीडीके-६ला १६ नॅनोमोलर, म्हणजे फारच थोडं औषध पुरत होतं. शिवाय तपासलेल्या इतर ३६ काइनेझ एन्झाइम्सना त्याने हात लावला नव्हता. ही निवडक वृत्ती मोलाची होती. त्याआधीचं फ्लॅव्होपिरिडॉल हे औषध सरसकट अनेक सीडीके अडवत असे, आणि त्याची किंमत रुग्णांना दुष्परिणामांत मोजावी लागे. २००४च्या त्या निबंधात उंदरांवरचा सगळ्यात देखणा परिणाम दिसला तो मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या गाठींवर. हे मुद्दाम लक्षात ठेवायला हवं. उंदरावरच्या गाठीनेच दिशा ठरवायची तर हे औषध आतड्याच्या कर्करोगाकडे निघालं असतं. पुढे २००७ साली अ‍ॅन आर्बरचं ते केंद्र बंद करण्याची घोषणा झाली. औषध उरलं, त्याचं माहेर गेलं.

फिन आणि स्लॅमन यांनी या औषधाला नेमका कोणता प्रश्न विचारला, तिथे निबंधाची खरी मजा सुरू होते. एरवी नवं औषध हाती आलं की दोन-तीन ओळखीच्या सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेले पेशींचे वाण, घ्यायच्या, औषध टाकायचं, पेशी मेल्या की टाळ्या. या गटाने एकदम ४७ सेल लाइन मांडल्या. काही स्तनाच्या कर्करोगाच्या, काही कर्करोग नसलेल्या पण प्रयोगशाळेत अमर केलेल्या. कर्करोगाच्या पेशींतही सगळे प्रकार होते. इस्ट्रोजेन रिसेप्टर असलेल्या ल्युमिनल पेशी, एचईआर-२ जनुकाच्या जादा प्रती असलेल्या पेशी, आणि ज्यांच्यात यातलं काहीच नाही अशा बेसल पेशी. सगळ्यांना तेच औषध चढत्या मात्रांत दिलं आणि प्रत्येकीची वाढ निम्म्यावर आणायला किती औषध लागतं ते मोजलं.

ही सवय स्लॅमन यांच्या आधीच्या कामातून आलेली असावी असं मला वाटतं. एचईआर-२च्या जादा प्रती असलेल्या रुग्णांचा आजार अधिक आक्रमक असतो, हे त्यांनी १९८७ साली दाखवलं होतं. त्यावरच्या ट्रॅस्टुझुमॅब या औषधाला १९९८ साली मान्यता मिळाली. त्या सगळ्या प्रवासाचा धडा असा होता की औषध चांगलं आहे की वाईट, या प्रश्नाला अर्थ नाही. ते कोणासाठी चांगलं आहे, हे आधी विचारलं पाहिजे. एकाच औषधाची चाचणी सगळ्या रुग्णांवर सरसकट झाली, तर ज्यांना उपयोग झाला त्यांचा आवाज बाकीच्यांच्या गर्दीत बुडून जातो आणि औषध फेकलं जातं. ४७ सेल लाइनच्या रांगेमागे ही समज आहे.

आता निकालाच्या आकृतीकडे यावं. सेल लाइन एका रांगेत लावलेल्या आहेत, अगदी थोड्या औषधाने थबकणाऱ्या एका टोकाला, औषधाला न जुमानणाऱ्या दुसऱ्या टोकाला. आणि रांग डोळ्यांखालून घातली की एक गोष्ट आपोआप उमटते. थबकणाऱ्या टोकाला ल्युमिनल पेशींची दाटी आहे. एचईआर-२ वाढलेल्या ल्युमिनल पेशीही तिथेच आहेत. दुसऱ्या टोकाला बेसल पेशी. ही विभागणी संशोधकांनी आधी ठरवून घातलेली नाही, औषधाने घातलेली आहे. अपवाद आहेत, रांग काही गुळगुळीत नाही. पण कल इतका स्पष्ट आहे की पुढचा युक्तिवाद त्यावर निर्धास्त उभा राहतो.

मला या आकृतीचा आवडता भाग न जुमानणाऱ्या टोकाचा आहे. औषधाच्या बाजूने बोलणारे निबंध सहसा हा भाग पुरवणीत ढकलतात, किंवा दोन ओळींत उरकतात. इथे तो रांगेत बरोबरीच्या मानाने उभा आहे, आणि त्याच्याशिवाय पहिल्या टोकाला काही अर्थच उरत नाही. औषध सगळ्याच पेशींवर चाललं असतं तर ते विषासारखं चाललं असं म्हणायला जागा होती. ते काहींवर चालतं आणि काहींवर नाही, म्हणूनच ते नेमकं काहीतरी पकडतं आहे, ही खात्री पटते.

काय पकडतं, हे पुढच्या भागात येतं. इथे पेशीविभाजनाची थोडी ओळख लागेल. पेशीने दोन व्हायचं ठरवलं की तिला आधी आपल्या डीएनएची प्रत काढावी लागते. त्या कामाच्या दारात आरबी नावाचं प्रथिन दारवानासारखं उभं असतं. हे प्रथिन पहिल्यांदा लहान मुलांच्या डोळ्याच्या कर्करोगात, रेटिनोब्लास्टोमात, ओळखलं गेलं, म्हणून त्याचं नाव आरबी. सायक्लिन डी-१ हे प्रथिन सीडीके-४ आणि ६ यांना कामाला लावतं, ती एन्झाइम्स आरबीवर फॉस्फेट चढवतात, आणि दारवान बाजूला होतो. ल्युमिनल पेशीत इस्ट्रोजेन जे हुकूम सोडतं, त्यातला एक सायक्लिन डी-१ तयार करण्याचाच असतो. पी-१६ नावाचं आणखी एक प्रथिन सीडीकेंना निसर्गतःच लगाम घालतं. सायक्लिनचा शोध टिम हंट यांना १९८२ साली समुद्री अर्चिनच्या अंड्यांत लागला आणि २००१ साली त्यांना नोबेल मिळालं. स्तनाच्या कर्करोगाचा त्या अंड्यांशी तेव्हा कुणी संबंध जोडला नसता.

फिन यांच्या गटाने थबकणाऱ्या आणि न थबकणाऱ्या पेशींतल्या जनुकांची तुलना केली तेव्हा वेगळी वागणारी ४५० जनुकं सापडली. इतकी मोठी यादी हाती आली की तिच्यात हरवायला होतं. कित्येक निबंध तिथे रंगीत चौकटींच्या आकृत्या काढून थांबतात. या निबंधाने त्या यादीतून नेमके तीन मुद्दे वर काढले. थबकणाऱ्या पेशींत आरबी आणि सायक्लिन डी-१ जास्त, आणि पी-१६ कमी. कथा एकदम जुळते. दारवान जागेवर आहे, त्याला हटवणारे जोरात आहेत, आणि हटवणाऱ्यांना आवरणारा अशक्त आहे. औषध त्या आवरणाऱ्याचं काम करतं.

पण जुळणारी कथा म्हणजे पुरावा नव्हे, याची जाणीव निबंधात पानोपानी दिसते. म्हणून वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे पेशीतली प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी. त्यातल्या काळ्या पट्ट्या बघायला शिकलेल्या माणसाला इथे खरं समाधान मिळतं. थबकणाऱ्या पेशीला औषध दिलं की फॉस्फेट चढलेल्या आरबीची पट्टी फिकी पडत जाते. न जुमानणाऱ्या पेशीत ती तशी फिकी पडत नाही. आणि पेशीचक्र मोजलं तर थबकणाऱ्या पेशी प्रत काढण्याच्या आधीच्या टप्प्यात अडकून पडलेल्या दिसतात. म्हणजे औषध इथे पेशी मारत सुटत नाही, ते तिला पुढचं पाऊल टाकू देत नाही. पुढे त्याची दीर्घकाळ घेता येण्याजोगी गोळी का झाली, याचं मूळ या बारकाव्यात आहे.

मग येतो तो भाग ज्यासाठी हा निबंध हार्मोन रेझिस्टन्सच्या संदर्भात वाचलाच पाहिजे. औषध टॅमॉक्सिफेनबरोबर दिलं तर इस्ट्रोजेन रिसेप्टर असलेल्या पेशींवर दोघांचा मिळून परिणाम बेरजेपेक्षा जास्त होतो. एचईआर-२ वाढलेल्या पेशींवर ट्रॅस्टुझुमॅबबरोबर तसंच घडतं. आणि त्याहून पुढे जाऊन संशोधकांनी इस्ट्रोजेनची वाट अडवूनही वाढत राहायला शिकवलेल्या पेशी घेतल्या. बशीत केलेली हार्मोन रेझिस्टन्सची ती प्रतिकृतीच. त्या पेशींवर नुसत्या टॅमॉक्सिफेनचा फारसा उपयोग नव्हता. पीडी ०३३२९९१ जोडलं, तर त्या पेशी टॅमॉक्सिफेनला पुन्हा दाद देऊ लागल्या. हे वाक्य निबंधात अतिशय संयमाने लिहिलं आहे, कुठेही गाजावाजा नाही. पण त्याचा अर्थ मोठा आहे. इस्ट्रोजेनचा हुकूम न मानता पेशी वाढायला शिकली तरी तिला त्याच दारातून जावं लागतं, आणि दार अडवलं तर तिचं नवं शिक्षण वाया जातं.

या सगळ्यात ज्या पेशी वापरल्या त्यांच्याबद्दल थांबून बोलायला हवं, कारण अशा निबंधांत त्या नुसत्या अक्षर-आकड्यांनी येतात. हार्मोनवर वाढणाऱ्या पेशींचा जगातला सर्वांत प्रसिद्ध वाण म्हणजे एमसीएफ-७. हा १९७० साली डेट्रॉईटच्या मिशिगन कॅन्सर फाउंडेशनमध्ये तयार झाला, आणि हर्बर्ट सूल यांनी १९७३ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. नावातली अक्षरं त्या संस्थेचीच. पेशी आल्या होत्या ६९ वर्षांच्या एका नन बाईंच्या छातीत साचलेल्या पाण्यातून. त्यांचा आजार तेव्हा पसरलेला होता. त्या गेल्या, आणि त्यांच्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत पन्नासाहून अधिक वर्षं वाढत राहिल्या. हार्मोनच्या औषधांबद्दल आपल्याला जे माहीत आहे, त्यातला केवढा तरी भाग त्यांच्या देहातून आलेला आहे. आणि योगायोग असा, की ही पेशी आणि हे औषध दोन्ही मिशिगनमध्येच जन्मली.

पण याच पेशींपाशी निबंधाच्या मर्यादाही दिसतात, आणि त्या न सांगणं हे रसग्रहण नव्हे, स्तुतिपाठ होईल. प्लास्टिकवर वाढणाऱ्या पेशीला रक्तवाहिन्या नसतात, शेजारच्या पेशी नसतात, रोगप्रतिकारशक्ती नसते, यकृत औषध फोडत नसतं. २०१८ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात वेगवेगळ्या प्रयोगशाळांतले एमसीएफ-७चे २७ नमुने तपासले, तेव्हा नाव एकच असूनही त्यांची जनुकं आणि औषधांना मिळणारा प्रतिसाद बराच वेगळा निघाला. फिन यांच्या गटाने ४७ लाइनचा आधार घेतला, त्याचं मोल इथे पुन्हा कळतं. एका लाइनवर उभारलेला निष्कर्ष त्या लाइनच्या लहरीवर अवलंबून राहतो. रांगेवर उभारलेला तितका नाही.

निबंध आला ऑक्टोबरमध्ये, आणि डिसेंबर २००९मध्ये रुग्णांवरची चाचणी सुरूही झाली. पालोमा-१ हे तिचं नाव, आणि लेखकांपैकीच काहींनी ती चालवली. रजोनिवृत्ती झालेल्या, इस्ट्रोजेन रिसेप्टर असलेला आणि पसरलेला कर्करोग असलेल्या १६५ स्त्रिया. निम्म्यांना लेट्रोझोल, निम्म्यांना लेट्रोझोल आणि आता पाल्बोसिक्लिब हे नाव मिळालेलं पीडी ०३३२९९१. पहिल्या गटात आजार साधारण १०.२ महिने रोखला गेला, दुसऱ्यात २०.२ महिने. ३ फेब्रुवारी २०१५ रोजी अमेरिकेत मान्यता. मग हार्मोनची औषधं चालेनाशी झालेल्या ५२१ स्त्रियांवर पालोमा-३ झाली. तिथे फुल्व्हेस्ट्रंट या हार्मोनच्या औषधाबरोबर पाल्बोसिक्लिब दिलं तेव्हा आजार ९.५ महिने रोखला गेला, नुसत्या फुल्व्हेस्ट्रंटने ४.६ महिने. बशीतल्या त्या हट्टी पेशींनी जे सांगितलं होतं, ते माणसात खरं निघालं.

एक गोष्ट मात्र खरी निघाली नाही, आणि मला ती या सगळ्या प्रकरणातली सर्वांत शिकण्यासारखी वाटते. पालोमा-१च्या दुसऱ्या भागात ९९ स्त्रिया निवडताना सायक्लिन डी-१च्या जनुकाच्या जादा प्रती किंवा पी-१६चा अभाव ही अटही घातली होती. २००९च्या निबंधाने तीच खूण दाखवली होती ना? अपेक्षा अशी की या स्त्रियांना जास्त फायदा होईल. तसं झालं नाही. उलट कसलीही जनुकीय अट नसलेल्या पहिल्या भागात फरक अधिक मोठा दिसला. गाठीत इस्ट्रोजेन रिसेप्टर आहे, एवढंच पुरेसं ठरलं. म्हणजे रांगेतलं मोठं चित्र बरोबर निघालं, आणि त्या चित्रामागची सुबक कारणमीमांसा रुग्णांच्या निवडीसाठी उपयोगी पडली नाही. प्रयोगशाळेतलं काम वाचताना कुठल्या वाक्यावर किती भार टाकावा, हे या एका उदाहरणावरून जेवढं कळतं तेवढं दहा व्याख्यानांतून कळणार नाही.

आयुष्याच्या लांबीचा हिशेबही इथेच द्यायला हवा. पाल्बोसिक्लिबने आजार रोखून धरण्याचा काळ नक्की वाढवला, पण पालोमा-२ या आणखी एका चाचणीत एकूण आयुर्मानात संख्याशास्त्राला मान्य होईल असा फरक दिसला नाही. त्याच वर्गातल्या रायबोसिक्लिबने काही चाचण्यांत तो दाखवला. या औषधाने पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणून ते तीन आठवडे घ्यायचं आणि एक आठवडा थांबायचं. आणि यालाही रेझिस्टन्स येतोच. पालोमा-३मधल्या रुग्णांच्या रक्तातला डीएनए तपासला, तेव्हा पाल्बोसिक्लिब घेतलेल्यांपैकी ४.७ टक्क्यांत आरबीच्या जनुकात नवे बिघाड सापडले. दुसऱ्या गटात एकही नाही. दारवानच नाहीसा झाला तर त्याला जागेवर बांधून ठेवणारं औषध काय करणार? थबकणाऱ्या पेशींत आरबी भरपूर असतं, हे २००९मध्ये लिहिलेलंच होतं. त्या वाक्याची दुसरी बाजू नऊ वर्षांनी रुग्णांच्या रक्तात वाचायला मिळाली.

भारतात पाल्बोसिक्लिबचं मूळ पेटंट जानेवारी २०२३मध्ये संपलं आणि देशी कंपन्यांच्या जेनेरिक गोळ्या आल्या. तोवर ते बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर होतं. आता मुंबई-पुण्यापासून जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंत ऑन्कॉलॉजिस्टच्या चिठ्ठीवर ते नाव दिसतं. आणि ते घेणाऱ्या बाईला किंवा तिच्या मुलीला कधी प्रश्न पडला, की हे औषध मलाच का, शेजारच्या खाटेवरच्या बाईला का नाही, तर त्याचं उत्तर त्या ४७ सेल लाइनच्या रांगेत आहे.

हा निबंध इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचता येतो. आपल्याकडच्या औषधनिर्माणशास्त्र, जैवतंत्रज्ञान आणि जीवरसायनशास्त्राच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की तो वर्गात वाचून घ्यावा. सारांश नाही, पूर्ण निबंध. आधी पहिली आकृती दाखवावी आणि औषध न जुमानणाऱ्या पेशींबद्दल विद्यार्थ्यांना काय वाटतं ते विचारावं. मग पालोमा-१चा दुसरा भाग समोर ठेवावा, आणि निबंधातलं कोणतं वाक्य टिकलं, कोणतं टिकलं नाही, हे त्यांनाच शोधू द्यावं.